चुनखडीचा माळ आणि खडीची कामे

चैत्र पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी येरमाळ्याच्या डोंगरावरून येडेश्वरीची पालखी उतरते आणि आमराईची वाट धरते. वाटेत चुन्याचे रान लागते. तिथे जिकडे पाहावे तिकडे माणसे वाकलेली. कडेवर लेकरू घेतलेल्या बाया, काठी टेकत आलेले म्हातारे, गळ्यात कवड्यांच्या माळा घातलेले आराधी, सगळे मातीतून पांढरे खडे वेचत असतात. वेचलेली चुनखडी एका जागी टाकायची, तिचा ढीग करायचा आणि त्या चुन्याने देवीचे मंदिर रंगवायचे, ही इथली रीत. तुळजाभवानीची धाकटी बहीण म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या देवीला लाखो लोक येतात. कुणाच्या वाट्याला मूठभर खडे येतात, कुणाच्या हाती चार-पाचच लागतात. पण ढीग मात्र दरवर्षी होतो.

या खड्यांनाही एक इतिहास आहे आणि तो देवीच्या कथेपेक्षा जुना आहे. बालाघाटचा डोंगर काळ्या पाषाणाचा. पावसाचे पाणी या दगडाच्या मातीत मुरताना हवेतला कार्बन आणि दगडातला कॅल्शियम सोबत घेते. जिथे पाऊस भरपूर, तिथे हा ऐवज वाहून जातो. जिथे पाऊस तोकडा आणि ऊन कडक, तिथे पाणी वाफ होऊन उडते आणि चुना खड्यांच्या रूपाने मातीतच राहतो. म्हणून कोकणातल्या मातीत चुनखडी सहसा सापडत नाही आणि मराठवाड्याच्या रानात ती पायाखाली येते. येरमाळ्याचे भाविक वेचतात तो कोरड्या हवामानाचा हजारो वर्षांचा साठा असतो.

येरमाळा धाराशिव जिल्ह्याच्या कळंब तालुक्यातले, सोलापूर-धुळे महामार्गावरचे गाव. बालाघाटचा हा माथा पाण्याची वाटणी करणारा आहे. उत्तरेच्या अंगाला पडलेला थेंब मांजरा-तेरणेतून गोदावरीला मिळतो, नैर्ऋत्येच्या अंगाचा सीना-भीमेतून कृष्णेला. तेरणा नदी येथून जवळच, तेरखेड्याच्या परिसरात उगम पावते आणि पुढे तेरला जाते. तेर म्हणजे प्राचीन तगर. इथला माल भडोचमार्गे रोमन जगात जात होता. नद्या इथे जन्मतात, पण इथे थांबत नाहीत. माथ्यावरच्या गावांचे पाण्याचे दुखणे असे मुळापासूनच आहे.

दुष्काळाची मोजणी या भागात पिढ्यांवरून होते. दुर्गादेवीचा दुष्काळ चौदाव्या शतकाच्या अखेरचा, तुकोबांच्या काळातला १६३०चा, मग १८७६ ते १८७८चा. शेजारची बार्शी इंग्रजांच्या मुलखात होती आणि येरमाळ्याचा भाग निजामाच्या. त्या भीषण दुष्काळानंतर इंग्रजांनी दुष्काळ संहिता केली, तिच्यात सार्वजनिक कामे काढून मजुरी देण्याची पद्धत बसवली. पण ती कामे सरकारच्या मर्जीवर चालत. कामे कधी काढायची, हे साहेब ठरवी. काम हा मजुराचा हक्क आहे, ही कल्पना त्या संहितेत नव्हती.

ती कल्पना कायद्यात आणली महाराष्ट्राने, आणि त्यासाठी एका मोठ्या दुष्काळाची झळ सोसावी लागली.

१९७२च्या जूनमध्ये स्टॉकहोमला मानवी पर्यावरणावरची संयुक्त राष्ट्रांची पहिली मोठी परिषद भरली होती. यजमान स्वीडनचे पंतप्रधान सोडले, तर तिथे गेलेल्या एकमेव सरकारप्रमुख होत्या इंदिरा गांधी. १४ जूनला त्यांनी श्रीमंत देशांना सुनावले की, गरिबीचा प्रश्न बाजूला ठेवून पर्यावरण राखता येणार नाही. विकसनशील देशांची हवामानविषयक भूमिका आजही बऱ्याच अंशी त्याच भाषणाच्या आधाराने उभी आहे. नेमक्या त्याच महिन्यात मराठवाड्याचा शेतकरी आभाळाकडे डोळे लावून बसला होता. आधीची दोन वर्षे कमी पावसाची गेली होती. तिसरेही हातचे गेले. विहिरी तळाला गेल्या, ज्वारीचा पेरा करपला, गुरे कवडीमोल भावाने बाजारात गेली. स्टॉकहोमच्या सभागृहातली चर्चा ज्या गरिबीबद्दल होती, ती गरिबी इथे डोक्यावर पाटी घेऊन रांगेत उभी राहिली.

१९७२ पाहिलेल्या माणसांशी बोलताना तीन शब्द हमखास येतात: खडी, मिलो आणि सुकडी. खडी म्हणजे रस्त्यासाठी फोडायचा दगड. मिलो म्हणजे अमेरिकेतून आलेली लाल ज्वारी. तिची भाकरी घशाखाली उतरत नसे, तरी तीच खाऊन दिवस काढले. सुकडी म्हणजे कामावरच्या मजुरांना मिळणारे पौष्टिक कोरडे पीठ. ते पदरात बांधून घरी लेकरांसाठी नेणाऱ्या आया होत्या. जमीनदाराच्या घरची सूनही कामावर आली आणि शेतमजुराच्या बायकोच्या शेजारी बसून खडी फोडू लागली. जातीच्या आणि वाड्याच्या भिंती त्या वर्षी पोटाने वाकवल्या. सगळ्या पडल्या नाहीत, पण वाकल्या.

वसंतराव नाईक मुख्यमंत्री होते. मे १९७३ मध्ये दुष्काळी कामांवरच्या मजुरांची संख्या ५० लाखांच्या घरात गेली. १९७१च्या जनगणनेत राज्याची लोकसंख्या पाच कोटींच्या आसपास होती; म्हणजे दर दहा माणसांमागे एक जण त्या महिन्यात सरकारी कामावर होता. धान्याचे उत्पादन कोसळले होते, तरी जुन्या दुष्काळांसारखे भूकबळींचे ढीग पडले नाहीत. या गोष्टीची नोंद पुढे अर्थशास्त्रज्ञांनी जगभर घेतली. ज्याँ द्रेझ यांनी महाराष्ट्राच्या या दुष्काळाचा सविस्तर अभ्यास केला आहे. गरीब देशाने, निवडून आलेल्या सरकारने, विरोधकांच्या मोर्चांच्या आणि मजुरांच्या संपांच्या दबावाखाली लाखो जीव वाचवले. हवामानाच्या संकटात सरकारने काय करायचे असते, याचा एवढा मोठा धडा विसाव्या शतकात फार थोड्या ठिकाणी मिळतो.

काम काय निघाले? रस्ते, नालाबांध, बांधबंदिस्ती आणि पाझर तलाव. पाझर तलाव हा या दुष्काळाने गावोगाव नेलेला शब्द. ओढ्यावर मातीचा बांध घालायचा, कालवा काढायचा नाही. पाणी जमिनीत मुरू द्यायचे, म्हणजे खालच्या विहिरींना पाझर फुटतो. हातात टिकाव, खोरे आणि पाटी, यंत्र नाही. सकाळी मुकादम हजेरीपट घेऊन बसायचा, आठवड्याला खड्ड्याचे माप व्हायचे आणि मापावर पगार. मापात फसवणूक झाली, खोटी नावे हजेरीपटावर चढली, तेही खरे. तरीही बालाघाटच्या पट्ट्यात आज दिसणारे कितीतरी पाझर तलाव त्याच मापातून उठलेले आहेत.

या कामांना कायद्याचे बळ देण्यामागे एका माणसाचा हट्ट होता. वि. स. पागे हे विधान परिषदेचे सभापती, सांगली जिल्ह्याचे. साठच्या दशकात त्यांच्या आग्रहावरून तासगाव तालुक्यात मागेल त्याला काम देण्याचा प्रयोग झाला होता. दुष्काळानंतर तो राज्यभर पसरला. १९७७ मध्ये विधिमंडळाने रोजगार हमीचा कायदा केला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. ग्रामीण भागातल्या कोणाही प्रौढ माणसाने काम मागितले, तर १५ दिवसांत ते द्यायचे. नाही दिले तर बेकारभत्ता. बाईला आणि पुरुषाला एकाच दराने मजुरी. गावाकडच्या बाईसाठी ही साधी गोष्ट नव्हती. शेतावर तिला कायम पुरुषापेक्षा कमी मिळत आले होते.

पैसा कुठून आणायचा? इथे महाराष्ट्राने जे केले, त्याची आठवण फारशी निघत नाही आणि ती निघायला हवी. १९७५ मध्ये राज्याने व्यवसाय कर बसवला. मुंबई-पुण्याच्या पगारदाराच्या, व्यापाऱ्याच्या, डॉक्टर-वकिलाच्या कमाईतून दरमहा थोडी रक्कम कापली जाऊ लागली आणि तेवढीच भर सरकारने आपल्या तिजोरीतून घातली. कळंब-भूमच्या माळावर बांध घालणाऱ्या बाईची मजुरी अशी गिरगावातल्या कारकुनाच्या पगारातून येऊ लागली. तो दानधर्म नव्हता. कारकुनाला कर चुकवता येत नव्हता आणि बाईला हात पसरावा लागत नव्हता. ज्याच्याकडे आहे त्याने कायद्याने द्यायचे आणि ज्याच्यावर आभाळ कोपले त्याने हक्काने घ्यायचे, असे ते नाते होते.

हवामान परिषदांत विकसनशील देश आज नेमके हेच मागत आहेत. २००९ मध्ये कोपनहेगनला श्रीमंत देशांनी वर्षाला १०० अब्ज डॉलर उभे करण्याचे वचन दिले. ठरलेल्या २०२० सालापर्यंत ते पुरे झाले नाही. २०२२ मध्ये शर्म-अल-शेखला हानी भरपाईच्या निधीवर एकमत झाले, पण त्यात कोणी किती घालायचे ते ज्याच्या त्याच्या इच्छेवर राहिले. जगाला अजून व्यवसाय कर बसवता आलेला नाही. एका भारतीय राज्याने तो अर्धशतकापूर्वी बसवला होता, आणि तेव्हा ते राज्य श्रीमंत नव्हते.

दुष्काळाच्या या शाळेतून आणखीही गोष्टी बाहेर पडल्या. पुरंदर तालुक्यात विलासराव साळुंखे यांनी माणशी पाणी वाटण्याची पाणी पंचायत उभी केली. बोअर खोदायला यंत्रे आली, पण त्यांवर बसवलेले ओतीव लोखंडाचे हातपंप महिन्या-दोन महिन्यांत मोडत. जालना आणि सोलापूर इथे मिशनच्या कामातून त्याहून दणकट पंप तयार झाले होते. त्यांच्याच आधाराने युनिसेफच्या मदतीने इंडिया मार्क टू हा पंप घडला. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस त्याचे उत्पादन सुरू झाले आणि पुढे तो आफ्रिकेच्या कोरड्या देशांतही गेला. येरमाळ्याच्या एका बाजूला जालना आणि दुसऱ्या बाजूला सोलापूर. आफ्रिकेतल्या एखाद्या गावात बाई आज तो दांडा दाबत असेल, तर त्या पाण्यात या कोरड्या मुलखाचा वाटा आहे.

१९९०च्या सुमारास रोजगार हमीला फळबाग जोडली गेली. बांधावर आणि हलक्या रानात आंबा, बोर, डाळिंब, सीताफळ लावायला सरकार मजुरी देऊ लागले. २००५ मध्ये संसदेने देशासाठी रोजगार हमीचा कायदा केला. तासगावच्या प्रयोगातून निघालेली गोष्ट देशाची झाली. बंगळूरूच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सच्या अभ्यासकांनी हिशेब मांडला, तेव्हा या योजनेतली झाडे आणि मृद्-जलसंधारणाची कामे यांनी २०१७-१८ या एका वर्षात सुमारे १० कोटी टन कार्बन डायऑक्साइड धरून ठेवल्याचा अंदाज निघाला. मजुरांनी ती कामे हवामानासाठी केली नव्हती. चूल पेटावी म्हणून केली होती.

मग इतके करूनही हा भाग पुन्हा पुन्हा तहानलेला का? उत्तर कडू आहे. १९७२ला विहिरीच्या तळाशी पाणी होते, पण घरात धान्य नव्हते. २०१६ला कणगीत धान्य होते आणि घागर कोरडी. मधल्या चाळीस वर्षांत पाझर तलावांनी मुरवलेले पाणी बोअरने उपसले आणि त्यातले पुष्कळ उसाने प्यायले. शंभर फुटांवरचे पाणी पाचशेवर गेले, पाचशेवरचे त्याहून खाली. तलावांत गाळ साचत गेला. तो काढण्यासाठी २०१७ मध्ये ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही वेगळी योजना आणावी लागली. १२ एप्रिल २०१६ रोजी मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वेगाडी ५ लाख लिटर पाणी घेऊन लातूरला पोचली. ती ज्या मार्गाने गेली, तो मुळात बार्शी लाइट रेल्वेचा, १९११ साली येडशीवरून लातूरला पोचलेला. धान्य आणि कापूस वाहून नेण्यासाठी घातलेल्या वाटेवरून शंभर वर्षांनी पिण्याचे पाणी वाहावे लागले. दोष एकट्या आभाळाचा नाही, हे या मुलखाने स्वतःशी कबूल केले पाहिजे.

ते कबूल करणाऱ्यांत बाया पुढे होत्या. ३० सप्टेंबर १९९३च्या किल्लारीच्या भूकंपानंतर प्रेमा गोपालन यांनी उभी केलेली स्वयं शिक्षण प्रयोग ही संस्था धाराशिव-लातूर भागात काम करू लागली. दुष्काळाच्या वर्षांत तिने बायकांना एक सोपी गोष्ट सुचवली: नवऱ्याकडून अर्धा-एक एकर मागून घ्या आणि त्यात घरी खायची पिके लावा. डाळी, भाज्या, ज्वारी, थोडे पाणी, शेणखत. उसाच्या गावात बाईने जमीन मागणे हेच धाडस होते. २०१७ मध्ये या कामाला संयुक्त राष्ट्रांचा इक्वेटर पुरस्कार मिळाला. पुढच्याच वर्षी जागतिक बँकेने ४२ कोटी डॉलरचे कर्ज दिले आणि हवामान बदलाला तोंड देणारी शेती उभी करण्यासाठी नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प सुरू झाला. मराठवाड्याचे आठही जिल्हे त्यात आले.

आता माळावर वारा विकला जाऊ लागला आहे. महाराष्ट्रात पवनचक्क्यांचे पहिले प्रयोग ऐंशीच्या दशकात देवगडच्या किनाऱ्यावर झाले. नव्वदच्या दशकाअखेर साताऱ्याच्या वनकुसवडे पठारावर त्यांचे रानच उभे राहिले, मग सांगली, धुळे, नगर. क्योटो कराराच्या काळात त्यातल्या कितीतरी प्रकल्पांनी परदेशांना कार्बन क्रेडिट विकले. गेल्या काही वर्षांत हे पाते फिरत फिरत बीड-धाराशिवच्या बालाघाटावर आले. पावसाळ्यात जो नैर्ऋत्य वारा ढग पळवून नेतो म्हणून शेतकरी शिव्या द्यायचा, त्याच वाऱ्याला गिऱ्हाईक आले. ग्लासगोच्या परिषदेत १ नोव्हेंबर २०२१ला भारताने २०३० पर्यंत ५ लाख मेगावॅट बिगरजीवाश्म विजेचे आणि २०७० पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जनाचे लक्ष्य जाहीर केले. २०२५ मध्ये देशाच्या वीजक्षमतेचा निम्मा भाग बिगरजीवाश्म झाला, तो ठरवलेल्या मुदतीच्या पाच वर्षे आधी. देशाची पवनक्षमता त्याच वर्षी ५० हजार मेगावॅट ओलांडून गेली. ज्या देशाचा दरडोई कार्बन अमेरिकेच्या सातव्या हिश्शाइतका आहे, त्याने हे केले, याचा अभिमान वाटावा असाच हा आकडा आहे.

पण येरमाळ्याच्या परिसरात, वाशीत, भूममध्ये पवनचक्की म्हटले की शेतकरी आकडे सांगत नाही. तो विचारतो, रस्त्यासाठी माझे किती गुंठे गेले, तारा माझ्या रानावरून कोणाच्या परवानगीने गेल्या, शेजाऱ्याला एक भाव आणि मला दुसरा का. बीड-धाराशिव पट्ट्यात या जमिनींच्या व्यवहारांभोवती दलालांची आणि दमदाटीची जाळी विणली गेली, हे उघड गुपित आहे. रोजगार हमीने मजुराला हक्क दिला होता; पवनचक्कीने शेतकऱ्याला करारनामा दिला, आणि तो अनेकदा त्याला न कळणाऱ्या भाषेत. पागे यांच्या कायद्यातून जे शिकायचे होते, ते इथे शिकले गेले नाही. माथ्यावरच्या वाऱ्यातून जी कमाई होते, तिचा ठरलेला हिस्सा त्या गावाच्या ग्रामपंचायतीकडे कायद्याने यायला हवा, आणि करार मराठीत, ग्रामसभेसमोर वाचून व्हायला हवा. व्यवसाय कर बसवणाऱ्या राज्याला हे अवघड नाही.

वेळ थोडा आहे, हे २०२५च्या सप्टेंबरने दाखवले. ज्या भूम-परंडा तालुक्यांत टँकरची वाट पाहायची सवय, तिथे पुराने वेढलेल्या माणसांना काढायला हेलिकॉप्टर आणावे लागले. पिकाखालची माती खरवडून गेली. एका हवामानासाठी घातलेले बांध दुसऱ्या हवामानापुढे टिकतील का, हे आता बांधागणिक तपासावे लागणार आहे.

आणि त्यासाठी आधी ते बांध कुठे आहेत, हे कळले पाहिजे. १९७२ला विशीत असलेली माणसे आता सत्तरीच्या पुढे गेली आहेत. कोणता तलाव कोणत्या साली, किती जणींनी, कोणत्या मुकादमाच्या हाताखाली घातला, सांडवा कुठे ठेवला आणि गाळ कुठून येतो, हे त्यांना तोंडपाठ आहे. येत्या चैत्रात येरमाळ्याला चुनखडी वेचायला जाणाऱ्यांनी परतताना आपल्या गावच्या अशा एका आजीपाशी बसावे, तिला पाझर तलावावर घेऊन जावे आणि ती सांगेल ते वहीत उतरवून ग्रामपंचायतीत द्यावे.